सावकाश जेवणाऱ्या आणि चटकन लक्ष विचलित होणाऱ्या मुलाची दिनचर्या कशी आखावी

दोन ते सहा वर्षांच्या वयातील काही मुले एकेक घास तोंडात घोळवत बसतात, मोजा चढवता चढवता त्याच्यावरचे चित्र न्याहाळू लागतात, आणि दात घासायला म्हणून निघालेली वाटेतच एखाद्या खेळण्यापाशी थांबतात. अशा मुलाच्या घरात दिवसाचे तीन भाग विशेष कठीण जातात: सकाळी बाहेर पडण्यापूर्वीचा तास, प्रत्येक जेवण आणि रात्री झोपण्यापूर्वीचा काळ. या तिन्ही वेळी मोठ्यांच्या तोंडी सर्वाधिक येणारे शब्द म्हणजे ‘लवकर कर’, आणि त्यांचाच उपयोग सर्वांत कमी होतो. कारण किती वेळ उरला आहे याचा अंदाज घेऊन आपला वेग बदलण्याची क्षमता या वयात पुरती तयार झालेली नसते. मुलाचा वेग बोलून वाढत नाही. मात्र त्याच्यासमोरचे काम लहान करणे, कामांचा क्रम बदलणे, आजूबाजूची आकर्षणे कमी करणे आणि भूक व झोप यांची घडी नीट बसवणे हे सारे मोठ्यांच्या हातात असते, आणि दिनचर्येत फरक पडतो तो याच मार्गाने.

आधी शरीराकडे पाहावे

सावकाशपणाचा दोष मुलाच्या स्वभावावर टाकण्यापूर्वी त्याच्या शरीराचा विचार करावा. चिवट किंवा कठीण पदार्थ बारीक चावण्यासाठी लागणाऱ्या मागच्या दुधाच्या दाढा साधारणपणे दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान उगवतात. दाढा आल्यानंतरही घास जिभेने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेऊन चावण्याचे कौशल्य पक्के व्हायला बराच काळ जातो. मोठ्या माणसाला जो घास चार-पाच वेळा चावून गिळता येतो, त्याच घासाला लहान मूल कितीतरी अधिक वेळ घेते, आणि यात त्याचा हट्ट मुळीच नसतो.

भुकेचेही तसेच आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळच्या वजनाच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते साधारण दोन ते अडीच किलोंनी वाढते आणि पुढे कित्येक वर्षे दरवर्षी दोन ते तीन किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. पहिल्या वर्षातील खाण्याची आठवण मनात ठेवून तीन वर्षांच्या मुलाचे ताट वाढले, तर ते ताट संपत नाही आणि ‘मूल खातच नाही’ अशी समजूत होते. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी पदार्थांविषयी मनात भीती असणे हेही वाढीचाच एक भाग आहे. नवा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्याशिवाय अनेक मुले तो आपला मानत नाहीत.

तरीही काही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. जेवताना वारंवार ठसका लागणे, घशात घास अडकणे, नेहमी उलटी होणे, वजन न वाढणे किंवा घटणे, पूर्वी आवडीने खाल्ले जाणारे पदार्थ एकामागून एक बंद होत मोजकेच पदार्थ उरणे, किंवा घास गालात तासन्‌तास तसाच धरून ठेवणे, या गोष्टींची तपासणी व्हायलाच हवी. बद्धकोष्ठता, किडलेला दात, वाढलेले टॉन्सिल्स आणि लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय ही मंद खाण्यामागची अगदी नेहमीची कारणे आहेत आणि ती सहज दुर्लक्षित होतात.

लक्ष नसण्याविषयीही हेच म्हणता येईल. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचून राहिल्यास मुलाला कमी ऐकू येते, आणि हाक मारूनही ते वळत नाही तेव्हा ते ‘आपल्याच नादात’ आहे असे वाटते. क्वचित, मूल मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहते, स्पर्श केला तरी भानावर येत नाही आणि मग काही घडलेच नाही अशा रीतीने पुढचे काम सुरू करते. असे वारंवार घडत असेल तर तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो आणि डॉक्टरांना तो प्रसंग मोबाइलवर चित्रित करून दाखवणे उपयुक्त ठरते. अतिचंचलता आणि लक्ष न लागण्याच्या विकाराचे निदान सहसा चार वर्षांच्या आधी केले जात नाही, आणि त्यासाठी ही लक्षणे घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, निदान सहा महिने दिसावी लागतात. केवळ जेवताना किंवा केवळ कपडे घालताना रेंगाळणाऱ्या मुलाला असे नाव चिकटवण्याची घाई कोणी करू नये.

दोन जेवणांमधला वेळ

ताटासमोर मूल रेंगाळते तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा ताटात नसून त्याआधीच्या दोन तासांत असते. थोडे दूध, मग अर्धे बिस्कीट, मग फळाची एक फोड, मग गोड रस असे दिवसभर तोंड चालू राहिले, तर मुलाला खरी भूक कधी लागतच नाही आणि भुकेविना बसलेल्या मुलाला खोलीतील प्रत्येक वस्तू अन्नापेक्षा अधिक आकर्षक वाटते. म्हणून दिवसात तीन जेवणे आणि दोन किंवा तीन लहान खाणी अशी रचना करावी, त्यांच्यात अडीच ते तीन तासांचे अंतर ठेवावे आणि त्या अंतरात पाण्याशिवाय काही देऊ नये. इतर कोणताही बदल जमला नाही तरी हा एक बदल करावा, कारण पुढचे बहुतेक उपाय मुलाला भूक लागलेली असेल तेव्हाच लागू पडतात.

दुधाविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. एक वर्षानंतर दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर दूध पुरेसे असते. हे प्रमाण ७०० मिलिलिटरच्या पुढे गेले की इतर अन्नाची भूक मरते आणि लोहाची कमतरता निर्माण होण्याचा धोका वाढतो. ‘जेवला नाही, निदान दूध तरी पिऊ दे’ असे म्हणून जेवणानंतर लगेच पेला भरून देण्याने मुलाला एवढेच कळते की ताटासमोर थोडा वेळ काढला की चावण्याचे कष्ट न घेता पोट भरते. दूध जेवणाबरोबर थोडे द्यावे किंवा मधल्या खाण्याच्या ठरलेल्या वेळी द्यावे.

भूक लागण्यासाठी शरीर हललेही पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हायला हवी. मात्र जोरदार खेळातून थेट जेवायला बसवू नये. धावून आलेले मूल उत्तेजित असते. हातपाय धुणे, पेले मांडायला मदत करणे अशी पाच-दहा मिनिटांची शांत कामे मध्ये असली की ते खुर्चीत स्थिरावते.

जेवणाची बैठक आणि वेळ

लक्ष चटकन उडणाऱ्या मुलासाठी बसण्याची जागा हा निम्मा उपाय आहे. पाय लोंबकळत असलेले मूल तोल सावरण्यासाठी सतत चुळबुळ करते. म्हणून पावले कशावर तरी टेकतील, गुडघे काटकोनात राहतील आणि ताट साधारण कोपराच्या उंचीवर येईल अशी बैठक करावी. खुर्ची मोठी असल्यास पायांखाली भक्कम चौरंग किंवा खोके ठेवून हे साधते. जमिनीवर बसून जेवण होत असेल तर पाठ भिंतीला टेकू द्यावी आणि ताट थोड्या उंचवट्यावर ठेवावे. मुलाचे तोंड खिडकी, दार किंवा खेळण्यांच्या कपाटाकडे नसावे. त्याच्यासमोर जेवणारी माणसे असावीत.

पडदा, म्हणजे दूरचित्रवाणी आणि मोबाइल, जेवताना पूर्ण बंद असावा. पडद्यासमोर मूल तोंड उघडते आणि भरवणाऱ्याचे काम झटपट उरकते, म्हणून हा मार्ग सोयीचा वाटतो. पण त्या वेळी मूल चव, भूक किंवा पोट भरल्याची जाणीव यांपैकी कशाकडेच लक्ष देत नसते, आणि काही महिन्यांतच पडद्याशिवाय एकही घास न घेण्याची सवय जडते. ही सवय आधीच लागली असेल तर दिवसातले एक जेवण निवडून तेथून सुरुवात करावी. ते जेवण असे असावे की ज्या वेळी भूक चांगली लागते आणि घरातील किमान एक मोठे माणूस सोबत बसून जेवू शकते. पहिले काही दिवस मूल कमी खाईल, रडेल, उठून जाईल; हे अपेक्षित आहे. एक जेवण स्थिरावल्यावर दुसरे घ्यावे.

ताटात किती वाढावे, याचे उत्तर ‘वाटते त्याहून कमी’ असे आहे. लहान मुलासाठी प्रत्येक पदार्थ एक-दोन मोठे चमचे इतकाच वाढावा आणि मागितल्यास पुन्हा द्यावा. भरलेले ताट पाहून ज्याचे अवसान गळते तेच मूल तीन लहान ढीग सहज संपवते आणि स्वतःहून आणखी मागते. निदान एक पदार्थ त्याच्या ओळखीचा आणि आवडीचा असावा. कठीण पदार्थ मऊ शिजवून किंवा बारीक तुकडे करून द्यावेत, म्हणजे चावण्यात जाणारा वेळ वाचतो; मात्र सर्वच अन्न कुस्करून किंवा मिक्सरमधून काढून देऊ नये, कारण चावण्याचा सराव थांबला की सावकाशपणा वाढतच जातो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे व सुका मेवा, अख्खी द्राक्षे आणि कडक गोळ्या देऊ नयेत, आणि चालता-धावता खाऊ देऊ नये. ज्याचे लक्ष घासावर टिकत नाही त्या मुलाच्या बाबतीत घशात अडकण्याचा धोका अधिक असतो.

वेळेची मर्यादा ठरवावी: मुख्य जेवणाला वीस ते तीस मिनिटे, मधल्या खाण्याला दहा ते पंधरा. बहुतेक मुले जे काही खातात त्यातले बहुतांश पहिल्या वीस मिनिटांत खातात. त्यानंतरचा काळ मनधरणी, कंटाळा आणि चिडचिड यांतच जातो. सध्या जेवण तासभर चालत असेल तर एकदम तीस मिनिटांवर आणू नये. दर तीन-चार दिवसांनी पाच-पाच मिनिटे कमी करावीत. संपण्याच्या पाच मिनिटे आधी शांतपणे सांगावे, आणि वेळ झाल्यावर ‘जेवण झाले, आता पुढचे खाणे दुपारी’ असे म्हणून ताट उचलावे. आवाजात राग नसावा, ‘बघ, खाल्ले नाहीस’ असा टोमणा नसावा, आणि दहा मिनिटांनी दुसरा पदार्थ हातात देऊ नये. त्या जेवणात पोटात कमी गेले तरी पुढचे खाणे अडीच-तीन तासांवर असल्यामुळे निरोगी मुलाला त्याने अपाय होत नाही. ज्या मुलाचे वजन कमी आहे किंवा ज्याला मधुमेहासारखा आजार आहे, त्याच्या बाबतीत मात्र वेळेची मर्यादा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

या पद्धतीचा पाया अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या जबाबदारीच्या विभागणीत आहे: काय, केव्हा आणि कोठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने. दुसरा भाग पाळणे पालकांना फार जड जाते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण मुलाच्या पोटात चार घास जावेत ही काळजी प्रेमातूनच येते. परंतु आग्रहाने उलटाच परिणाम होतो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शालापूर्व वयातील मुलांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ‘सूप संपव’ असे वारंवार सांगितले गेले तेव्हा मुलांनी ते कमी प्यायले आणि त्याविषयी अधिक नापसंतीही व्यक्त केली. काहीच न म्हणता दिलेले सूप ती अधिक प्यायली. गोड पदार्थाचे आमिष, भावंडाशी तुलना, ‘हा घास आईचा, हा बाबांचा’ अशी अखंड मोजदाद, ही सारी आग्रहाचीच रूपे आहेत.

मग जेवताना बोलायचे काय? अन्नाविषयी शक्य तितके कमी बोलावे आणि इतर गप्पा साध्या ठेवाव्यात. लांबलचक गोष्ट सांगू नये, कारण ऐकता ऐकता हे मूल चावणे विसरते. त्याने काही सांगायला सुरुवात केली तर थांबवू नये. दोन वाक्ये ऐकून घ्यावीत, उत्तर द्यावे आणि स्वतः एक घास घ्यावा. समोरचे माणूस घास घेताना दिसणे हीच या वयातील सर्वांत परिणामकारक आठवण असते. घास गालात धरून ठेवलेला असल्यास पाण्याचा एक घोट द्यावा. भरवण्याबाबत माझे मत असे की दीड-दोन वर्षांनंतर मुलाने स्वतःच्या हाताने खाणे हाच नियम असावा आणि भरवणे हा अपवाद. सांडणे वाढते, वेळही सुरुवातीला वाढतो, पण हात आणि तोंड एकाच कामात गुंतले की लक्ष अधिक टिकते. मूल फार दमलेले असेल तर शेवटचे दोन-चार घास त्याच्या संमतीने भरवण्यात काही बिघडत नाही.

किती खाल्ले याचा हिशेब एका जेवणाचा करू नये, आठवड्याचा करावा. अन्नाचे मोजमाप मनात ठेवण्यापेक्षा वजन आणि उंची यांची नोंद ठरावीक काळाने वाढीच्या तक्त्यावर करावी. रेषा आपल्या मार्गाने वर जात असेल तर मूल त्याला हवे तेवढे खात आहे.

सूचना देण्याची रीत

स्वयंपाकघरातून ‘चल, दात घास, कपडे घाल, बूट घाल, उशीर होतोय’ अशी हाक मारली की तिच्यातली एकही गोष्ट होत नाही. अडीच-तीन वर्षांचे मूल एका वेळी जास्तीत जास्त दोन, आणि त्याही एकमेकींशी जोडलेल्या, सूचना लक्षात ठेवू शकते. लक्ष उडणाऱ्या मुलासाठी एकच पुरे. जवळ जावे, त्याच्या उंचीवर बसावे, खांद्यावर हात ठेवून नाव घ्यावे, नजर वळली की एकच वाक्य बोलावे. त्यानंतर आठ-दहा सेकंद गप्प राहावे. हे थांबणे सर्वांत कठीण असते. पण ऐकलेले समजून घेऊन शरीर हलवायला मुलाला तेवढा वेळ लागतो, आणि मध्येच तीच सूचना पुन्हा दिली की त्याची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

काय करू नये यापेक्षा काय करावे ते सांगावे. ‘खेळत बसू नकोस’ या वाक्यातून पुढचे पाऊल कळत नाही. ‘डावा पाय या मोज्यात घाल’ यातून कळते. काम झाल्यावर नेमके काय झाले ते म्हणावे: ‘बटणे तू स्वतः लावलीस.’ मुलाचे लक्ष भरकटले असेल तर आरडाओरडा न करता पुढची वस्तू त्याच्या हातात द्यावी. शब्दांपेक्षा हातातला सदरा अधिक बोलतो.

सकाळ

सकाळची आखणी बाहेर पडण्याच्या वेळेपासून मागे मोजत करावी. त्याआधी दोन-तीन दिवस, घाई न करता, प्रत्येक कामाला मुलाला प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहून ठेवावे. बहुतेक घरांत असे आढळते की नियोजन पंचेचाळीस मिनिटांचे असते आणि काम सव्वा तासाचे. साडेआठला निघायचे असेल, खाण्याला तीस मिनिटे, कपड्यांना पंधरा, शौच व तोंड धुण्याला पंधरा, बुटांना पाच आणि अनपेक्षित गोष्टींसाठी पंधरा मिनिटे लागत असतील, तर मूल सात वाजून दहा मिनिटांनी जागे असले पाहिजे. हे शक्य व्हावे म्हणून आदल्या रात्री ते वेळेवर झोपले पाहिजे. सकाळच्या तारांबळीचा उपाय अनेकदा आदल्या संध्याकाळी करायचा असतो.

क्रमाचा विचारही हवा. उठल्याबरोबर पहिली वीस-तीस मिनिटे अनेक मुलांना भूक नसते, म्हणून शौच, तोंड धुणे आणि कपडे आधी, खाणे त्यानंतर, आणि दात घासून बूट घालणे शेवटी, हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो. सांडण्याची भीती असल्यास वरून जुना सदरा घालावा. झोपेतून उठताच खाऊ मागणाऱ्या मुलासाठी क्रम उलटा करावा. क्रम कोणताही असो, तो रोज तोच असावा. मुलाला घड्याळ कळत नाही, पण ‘याच्यानंतर ते’ हे फार लवकर कळते.

कपडे, मोजे, दप्तर आणि पाण्याची बाटली रात्रीच एका जागी काढून ठेवावी. कपडे जेथे घालायचे तेथे खेळणी नसावीत. घरात जागा कमी असेल तर खेळण्यांवर एखादी चादर टाकली तरी पुरते. निवड द्यायची ती दोनच गोष्टींची, आणि तीही रात्री. सकाळी दूरचित्रवाणी किंवा मोबाइल लावू नये. सगळे आवरून वेळ उरला तर तो मुलाचा, बूट घालून झाल्यावर खेळण्यासाठी. हे रोज दिसत राहिले की आवरण्याला त्याच्या दृष्टीने अर्थ येतो.

चार-पाच चित्रांची एक पट्टी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावी. मुलाचेच दात घासतानाचे, कपडे घालतानाचे, खातानाचे आणि बूट घालतानाचे छायाचित्र वापरल्यास ते अधिक आवडीने पाहते. मग ‘आता काय राहिले?’ एवढे विचारून पट्टीकडे बोट दाखवावे. उरलेला वेळ दाखवण्यासाठी वाळूचे घड्याळ किंवा रंगीत भाग हळूहळू कमी होत जाणारे घड्याळ उपयोगी पडते, पण ते कपडे आणि बुटांपुरते ठेवावे. जेवणासमोर ठेवले की मूल घास सोडून वाळूकडेच पाहत बसते, किंवा वेळेच्या धास्तीने न चावता गिळते.

संध्याकाळ आणि झोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत अकरा ते चौदा तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलांना दहा ते तेरा तास झोप लागते, दुपारची झोप धरून. झोप कमी पडलेले मूल मोठ्यांप्रमाणे सुस्तावत नाही. ते अधिक चळवळे, चिडचिडे आणि विसराळू होते, आणि मग त्याचे लक्ष टिकत नाही अशी तक्रार होते.

रात्रीचे जेवण झोपेच्या किमान दीड तास आधी सुरू व्हावे. सावकाश जेवणाऱ्या मुलाचे जेवण उशिरा सुरू झाले की ते दमलेल्या अवस्थेत ताटावर बसते, घास चावत नाही, आणि मग झोपही पुढे ढकलली जाते. दुसऱ्या दिवशीची सकाळ बिघडते ती येथूनच. घरातील मोठ्यांचे जेवण उशिरा होत असल्यास मुलाचे आधी करावे आणि कोणीतरी सोबत बसून थोडेसे खावे. त्यानंतर दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद, दिवे मंद, आणि दात, शौच, कपडे, एक गोष्ट, झोप असा अर्ध्या-पाऊण तासाचा ठरलेला क्रम.

खेळ सोडून उठणे या मुलांना फार जड जाते, कारण ज्या मुलाचे लक्ष सहज उडते तेच मूल आवडीच्या गोष्टीत पूर्ण बुडूनही जाते. ‘पाच मिनिटांनी’ म्हणण्यापेक्षा ‘हा मनोरा पूर्ण झाला की’ किंवा ‘आणखी दोन वेळा घसरगुंडी’ असे म्हणावे. अर्धवट खेळ तसाच जपून ठेवण्याची एक जागा असावी. उद्या तो तेथेच सापडणार हे माहीत असले की उठणे सोपे होते.

घरातील इतर माणसे आणि शाळा

आई-बाबा वेळेची मर्यादा पाळतात, आणि आजी-आजोबा किंवा सांभाळणारी व्यक्ती प्रेमापोटी मधल्या वेळेत खाऊ देते, असे झाले की सर्वांत जास्त गोंधळ मुलाचाच होतो. सगळे नियम सर्वांवर लादण्यापेक्षा दोनच गोष्टींवर एकमत करावे: खाण्याच्या ठरलेल्या वेळा आणि जेवताना पडदा बंद. भरवावे की नाही, गोष्ट कोणती सांगावी, यात प्रत्येकाची रीत वेगळी असली तरी चालते. ज्येष्ठांना मुलासाठी काही करावेसे वाटते. त्यांना ‘देऊ नका’ असे सांगण्यापेक्षा मधल्या खाण्याची एक ठरलेली वेळ त्यांच्याकडे सोपवावी.

शाळेतील खाण्याची सुट्टी बहुधा पंधरा-वीस मिनिटांची असते आणि तिच्यातला बराच वेळ हात धुण्यात, डबा उघडण्यात आणि मित्रांकडे पाहण्यात जातो. डब्यात एक-दोनच पदार्थ, कमी प्रमाणात, हाताने उचलता येतील अशा तुकड्यांत आणि घरी खाऊन पाहिलेले असावेत. नवा पदार्थ डब्यात प्रथम देऊ नये. डबा मुलाला स्वतः उघडता-बंद करता येतो का, हे घरी दोन-तीनदा करून पाहावे. डबा अर्धा परत आला तर त्याची चौकशी दारातच करू नये. शिक्षकांना भेटून मुलाला दाराजवळ न बसवता एखाद्या शांतपणे जेवणाऱ्या मुलाशेजारी बसवण्याची विनंती करावी, आणि ‘संपव’ असा आग्रह न करता सुरुवातीला एकदा डबा उघडण्याची आठवण करावी, एवढे मागावे. शाळा सुटण्याची वेळ हीच मधल्या खाण्याची वेळ म्हणून ठरवून टाकली, तर परत आलेल्या डब्याची चिंता बरीच कमी होते.